वेढ्यातलं लायडन : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, "समुद्राने सोडवलेलं शहर कोणतं?" मी चार ओळींत उत्तर दिलं. नेदरलँड्समधलं लायडन, साल 1574. स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेलं शहर, भोवती स्पॅनिश फौजेचा वेढा. बंडखोरांनी स्वतःचेच बांध फोडले, पाणी आलं, फौज पळाली.

त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की हे सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते उत्तर डाचत होतं. 29 वर्षं शाळेत मी लायडन असंच शिकवलं. फळ्यावर एक गोल, बाजूला समुद्र, मधे बाण, की पुढचा धडा. निवृत्तीनंतर मुलगी नोकरीसाठी लायडनला होती तेव्हा तिच्याकडे दोन महिने राहिले, तिथल्या रस्त्यांवरून चालले आणि त्या बाणात काय काय गाळलं होतं ते कळलं. 26 मे ते 3 ऑक्टोबर, दोन्ही टोकं धरून 131 दिवस. ते त्या बाणात कुठेच नव्हते.

"बाई, मी इतिहासात एम. ए. करते आहे. लायडनला दोनदा वेढा पडला असं वाचलं. पहिल्यांदा सुटल्यावर गावाने तयारी का नाही केली?"

या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी, कारण पुढचं सगळं दुःख इथून आलं.

पहिला वेढा 1573च्या ऑक्टोबर अखेरीस पडला. तो उठला 21 मार्च 1574 रोजी, तोही लायडनने हरवलं म्हणून नाही. बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम, त्याचा भाऊ लुई जर्मनीतून सैन्य घेऊन येत होता. त्याला अडवायला स्पॅनिश सेनापती वाल्देसची फौज तिकडे बोलावून घेतली. 14 एप्रिलला मूकच्या माळरानावर लुईचा पराभव झाला. लुई आणि त्याचा धाकटा भाऊ हेन्री, दोघेही मारले गेले. म्हणजे लायडनची सुटका ज्याच्यामुळे झाली, तो महिन्याभरात संपला. 26 मेला वाल्देस पुन्हा दारात हजर.

मधले दोन महिने गावाला मिळाले होते. विल्यम परोपरीने सांगत होता की धान्य भरा, शिबंदी घ्या, स्पॅनिशांनी मागे टाकलेले मोर्चे, म्हणजे वेढ्याची ठाणी, पाडून टाका. ते मोर्चे तसेच उभे राहिले. कोठारं पुरेशी भरली नाहीत. बाहेरची शिबंदी गावाला नको होती. सैनिक आले की त्यांना घरात ठेवावं लागतं, खायला घालावं लागतं आणि पगार थकला की तेच लुटतात. गावकऱ्यांची ती भीती मला समजते. पण परिणाम असा झाला की दुसऱ्या वेढ्यात आत पगारी सैनिक जवळजवळ नव्हतेच. तटावर उभे राहिले ते गावातलेच लोक, विणकर, बेकरीवाले, दुकानदार.

आणि वाल्देसने हल्ला केलाच नाही. आदल्या वर्षी हार्लेम घेताना स्पॅनिशांची सात महिन्यांत हजारो माणसं खर्ची पडली होती. आल्कमारने तर त्यांना परतवूनच लावलं. त्यामुळे लायडनभोवती त्याने साठेक गढ्या-मोर्च्यांची माळ घातली आणि तो वाट पाहत बसला. भुकेला पगार द्यावा लागत नाही.

"मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. बांध 3 ऑगस्टला फोडले आणि नौका 3 ऑक्टोबरला पोचल्या, असं आपण लिहिता. समुद्र सोडला तर पाणी दोन महिने रेंगाळेल कसं? हिशोब जमत नाही."

तुमच्यासारख्या माणसालाच हा प्रश्न पडू शकतो. मला तो 29 वर्षांत पडला नाही याचं वाईट वाटतं.

पहिली गोष्ट, बांध समुद्रकिनाऱ्यावर फोडले नाहीत. ते फोडले दक्षिणेला, रॉटरडॅमजवळ कापेले इथे, आयसेल नदीच्या काठी. मास नदीवरची रॉटरडॅम, स्खीडाम, डेल्फ्सहावन इथली दारंही उघडली. या नद्यांना समुद्राची भरती चढते. तिथून लायडन 30 किलोमीटरच्या आसपास. वाल्देसला आधी ही धमकीच वाटली असणार, कारण ऑगस्टमध्ये नदीचं पाणी उतरलेलं असतं. भरतीला आत येई, ओहोटीला बरंचसं परत जाई.

दुसरी गोष्ट, ती जमीन म्हणजे एक मोठं ताट नव्हे. तुम्ही तिला कप्प्यांचा डबा समजा. प्रत्येक कप्पा म्हणजे उपसून कोरडा केलेला पोल्डर, त्याला स्वतःचा बांध, आणि अशा कप्प्यांच्या गटांवर एकेक जलमंडळ, म्हणजे पाणी आणि बांध सांभाळणारी संस्था. दक्षिणेला स्खीलँड आणि डेल्फलँड, उत्तरेला लायडन ज्यात येतं ते रेनलँड. शेजाऱ्याचं पाणी आपल्यात येऊ नये म्हणून या मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध राखलेले. दोन मंडळांच्या सीमेवरच्या थोरल्या बांधाचं नावच लांडस्खाइडिंग, म्हणजे भूसीमा. पाणी पसरत पसरत त्याला टेकलं आणि थांबलं. बांधाचा माथा पाण्याच्या हातभर वर. पलीकडे कोरडी जमीन आणि स्पॅनिश मोर्चे.

बचावाचं आरमार अॅडमिरल बॉइसोच्या हाताखाली होतं. सपाट तळाच्या दोनेकशे नौका, झीलँड प्रांताचे खलाशी, स्वतःला 'समुद्री भिकारी' म्हणवणारे बंडखोर. टोपीवर चंद्रकोरीचा बिल्ला आणि त्यावर अक्षरं, 'पोपपेक्षा तुर्क बरा'. 10 सप्टेंबरच्या रात्री त्यांनी भूसीमेचा बांध ताब्यात घेतला आणि जागोजागी फोडला. वाटलं, आता मोकळं. पुढे आणखी एक उंच रस्ता निघाला, तोही पाण्याच्या वर. तो फोडला, तर त्यामागे तिसरा. प्रत्येक वेळी तेच पाणी आणखी मोठ्या जागेत पसरे आणि तितकंच उथळ होई. एका टप्प्यावर शेतांत उरलं वीतभर पाणी, आणि नौकांना हवं होतं हातभर. सगळं आरमार चिखलात बसून राहिलं.

आता तिसरी आणि निर्णायक गोष्ट, वारा. तुमच्या हिशोबात तो धरला नाही म्हणून हिशोब जमेना. पश्चिमेचा वारा समुद्राला नद्यांच्या मुखात ढकलतो, पूर्वेचा बाहेर ओढतो. सप्टेंबरचे कित्येक दिवस वारा पूर्वेचा होता. 18 तारखेच्या सुमारास वायव्येचा सुटला आणि नौका झूटरमेअर गावाच्या पुढे सरकल्या. पुन्हा पडला, पुन्हा अडकल्या. महिना संपताना उधाणाची भरती आणि वादळी वारा एकत्र आले. आधी वायव्येचा, मग नैर्ऋत्येचा. 1 ऑक्टोबरच्या रात्री शेतांवर दीड हाताच्या आसपास पाणी चढलं. आरमार अंधारात निघालं. पाण्यातून वर आलेल्या फळझाडांच्या शेंड्यांमधून, बुडालेल्या घरांच्या धुराड्यांशेजारून नौका चालल्या होत्या.

ती धुराडी कोणाची होती, हे मी वर्गात कधी विचारलं नाही. ऑगस्ट हा हातातोंडाशी आलेल्या पिकाचा महिना. बांध फोडायचा निर्णय झाला तेव्हा बंडखोरांच्या तोंडी होतं, 'गमावलेल्या भूमीपेक्षा बिघडलेली भूमी बरी'. भूमी बिघडली ती गावोगावच्या शेतकऱ्यांची. लायडनच्या तटाआडची माणसं आपल्याला ठाऊक असतात, त्या कुटुंबांचा कुठे पुतळा मी पाहिला नाही. म्हणून, साहेब, तुमच्या पत्राचे मी मनापासून आभार मानते.

"एवढे दिवस लोकांनी खाल्लं काय? घरात लहान मुलं असतील, आजारी माणसं असतील."

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले. सांगते.

गहू-राय आधी मोजून वाटला, मग संपला. नंतर बिअरसाठी ठेवलेल्या, मोड आणून वाळवलेल्या सातूच्या भाकऱ्या. विल्यमने गावाला तीन महिने तग धरायला सांगितलं होतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात गावाने त्याला कळवलं की दोन महिने अन्नावर काढले, एक महिना अन्नाशिवाय काढला, आता सातूच्या भाकऱ्याही चार दिवसांच्या उरल्यात. त्यानंतरही सहा आठवडे जायचे होते. ते पत्र पोचलं तेव्हा विल्यम रॉटरडॅमला तापाने फणफणून अंथरुणाला खिळला होता.

गावात थोड्या दुभत्या गाई राखल्या होत्या. त्यातल्या रोज काही कापायच्या आणि हाडांसकट माणशी थोडं थोडं वाटायचं. रक्त वाहून जाऊ देत नसत, तेही पीत. कातडी उकळून खाल्ली. कुत्री, मांजरं, उंदीर. झाडांचा पाला, अंगाला लागलं की आग होणारी नेटलची पानं, गवत. आयांच्या अंगावर दूध राहिलं नाही. आणि या पोटांवर प्लेग आला. मेलेल्यांत उपासमारीपेक्षा प्लेगचे जास्त, पण मला ती वाटणी पटत नाही. कित्येक आठवडे गवत खाल्लेल्या मुलाला प्लेगने नेलं, तर नक्की कोणी नेलं?

शरण का गेले नाहीत, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर नार्डेन होतं. डिसेंबर 1572मध्ये त्या गावाने दार उघडलं आणि स्पॅनिश फौजेने आतली जवळजवळ सगळी माणसं कापली. हार्लेम शरण गेलं, त्यानंतर तिथल्या शिबंदीची कत्तल झाली. माफीची पत्रं लायडनलाही येत होती, राजाच्या बाजूला गेलेल्या गाववाल्यांच्या हातची. गावाच्या बचावाचे सूत्रधार यान व्हान देर डूस हे लॅटिनचे कवी. उत्तरादाखल लॅटिनमधली एकच ओळ गेली. पारधी पाखराला फसवतो तेव्हा बासरी गोडच वाजते.

"मेयर व्हान देर वेर्फ यांनी 'माझा हात कापून खा, पण शहर देणार नाही' असं म्हटलं, हे खरं का?"

ही कथा मी वर्गात हात पुढे करून सांगायची, मुलं अगदी गप्प व्हायची. ती पिढ्यांच्या सांगण्यातून मोठी झालेली कथा आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नका. लायडनला त्यांच्या नावाची बाग आहे, बागेत त्यांचा पुतळा आहे. मेयर एकटे तेच नव्हते, चौघे होते. भुकेल्या लोकांचा जमाव त्यांच्यावर चालून आला, सल्लागारांपैकी काहींना वाटाघाटी हव्या होत्या आणि तरीही दरवाजे उघडले गेले नाहीत, एवढं पुरेसं आहे. जमाव ओरडला त्यात भित्रेपणा नव्हता. ज्यांच्या घरात पोर मेलं होतं ती माणसं ओरडत होती.

"बाई, मी सातवीत आहे. वेढा असताना बाहेर निरोप कसे जायचे? कबुतरं खरंच होती का?"

होती! गावात विलेम नावाचा माणूस होता, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि कबुतरं पाळायचा. त्याची कबुतरं गावाबाहेर नेली आणि पायाला चिठ्ठी बांधून सोडली की ती आपल्या ढाबळीकडेच परत येत. स्पॅनिश मोर्चे खाली, कबुतर वर. सप्टेंबरच्या अखेरीस बॉइसोचा निरोप असाच आला, की थोडे दिवस धरून राहा. तो सगळ्यांसमोर वाचला आणि घंटा वाजवल्या. पुढे त्या घराण्याला 'कबुतर-जासूद' अशा अर्थाचं आडनाव मिळालं, डच भाषेत व्हान डायव्हेनबोडे.

तुझ्याच वयाच्या एका मुलाचीही गोष्ट आहे, कॉर्नेलिस योपेन्सझोन. 2 ऑक्टोबरच्या रात्री तटाचा एक भाग धाडकन कोसळला. आतल्यांना वाटलं शत्रू घुसला, बाहेरच्यांना वाटलं गाव तुटून पडतंय. त्याच रात्री स्पॅनिश सैनिक गावाजवळच्या लामेनच्या गढीतून निघून गेले. पहाटे हा मुलगा गढीत शिरला तर आत कोणीच नाही, आणि रसरशीत शिजवलेल्या मांस-भाजीचं भांडं मागे राहिलेलं. ते भांडं म्हणून जे दाखवतात ते लायडनच्या लाकनहाल संग्रहालयात मी पाहिलं. हंडीएवढं, काळपट, पायाचं. लामेनला आता रेल्वे स्टेशन आहे आणि मुलं तिथून सायकलवर शाळेत जातात.

"आपण याला धर्मयुद्ध म्हणता. पण लायडनच्या वेढ्यातल्या कागदी नाण्यावर 'हे स्वातंत्र्यासाठी' असं कोरलंय. माझ्याकडे त्याचं चित्र आहे. मग धर्म की स्वातंत्र्य?"

नाण्यांचा संग्राहक असा नेमका प्रश्न विचारतो याचा मला आनंद झाला, कारण हा वाद वेढ्याच्या आतही पेटला होता.

आधी ते नाणं. धातू संपला होता, म्हणून कॅथलिक प्रार्थनापुस्तकांची पानं एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठा केला आणि त्यावर नाण्याचा ठसा उठवला. वीस स्टायव्हरच्या नाण्यावर सिंह आहे, त्याच्या हाती काठीवर टोपी, गुलामीतून सुटल्याची रोमन खूण. लॅटिन अक्षरं तीच, 'हे स्वातंत्र्यासाठी'. एका प्रवचनकाराने चर्चमध्ये भर प्रवचनात त्यावर टीका केली की लढाई धर्मासाठी आहे, मग धर्म का नाही लिहिला? नगरसचिव यान व्हान हाउट समोरच बसले होते. त्यांनी पिस्तूल काढलं आणि शेजारच्या मेयरना विचारलं, "याला खाली पाडू का?" अशी आठवण सांगितली जाते. मेयरनी त्यांना आवरलं.

माझं मत विचाराल तर दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले. राजा फिलिप दुसरा याला त्याच्या राज्यात पाखंड चालू द्यायचं नव्हतं. त्यासाठी त्याने पाठवलेल्या आल्बाच्या ड्यूकने माणसं फासावर चढवली, आणि त्याच ड्यूकने प्रत्येक विक्रीवर दहावा हिस्सा कर मागितला. कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट आपल्या प्रार्थनेसाठी उठले, व्यापारी आपल्या हक्कांसाठी, आणि बरेच कॅथलिकही फक्त स्पॅनिश फौज जावी म्हणून. पण बंडाची बाजू निर्मळ होती असं मी म्हणणार नाही. समुद्री भिकाऱ्यांनी जुलै 1572मध्ये ब्रिल गावात, गोर्कुम गावाहून आणलेल्या 19 कॅथलिक धर्मगुरूंना फासावर दिलं. त्या पुठ्ठ्याच्या नाण्यातही कुणाची तरी प्रार्थना दाबून बसवलेली आहे. तुमच्याकडचं चित्र नीट मोठं करून बघा, एवढंच सांगते.

"स्पॅनिश सैनिक इतक्या सहज का पळाले?"

सहज नाही. त्यांच्यातले बरेच त्या शेवटच्या दोन दिवसांत, पाण्याखाली गेलेल्या बांधांवरून माघार घेताना बुडाले किंवा मारले गेले. त्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. त्याच शरदात वाल्देसच्या फौजेने पगारासाठी स्वतःच बंड केलं.

"आपण तिथे राहिलात. आज त्या वेढ्याची कुठली खूण बघावी?"

3 ऑक्टोबरला असाल तर वजनकाट्याच्या जुन्या इमारतीपाशी जा. बॉइसोच्या नौका त्या सकाळी हेरिंग मासे आणि पांढरा पाव घेऊन कालव्यांतून शिरल्या होत्या, म्हणून आजही तिथे तेच वाटतात. मुलगी आणि मी रांगेत उभ्या होतो. पुढे एक आजोबा, त्यांच्या वडिलांनी त्यांना धरून आणलं होतं तसं ते नातीला घेऊन आलेले. 1574च्या त्या सकाळी लोकांनी नौकांवरून फेकलेला पाव धरला आणि काहीजण उपाशी पोटी घाईने खाऊन तिथेच मेले. मग सगळे मोठ्या चर्चमध्ये गेले आणि स्तोत्र म्हणायला लागले, पण रडण्यामुळे ते पुरं होईना. विल्यमला डेल्फ्टमध्ये चर्चमध्येच चिठ्ठी मिळाली. दुसऱ्या दिवशी वारा फिरून ईशान्येचा झाला आणि पाणी उतरायला लागलं. एक दिवस आधी फिरला असता तर, हे मनात येतंच.

पुढच्या वर्षी, 8 फेब्रुवारी 1575ला, गावात विद्यापीठ सुरू झालं. सनद राजा फिलिपच्याच नावाने काढली होती. बंड चालू होतं तरी कागदावर राजा तोच होता.

पण एकच खूण बघायची तर ब्रेस्ट्राट रस्त्यावर नगरभवनाच्या भिंतीतला दगड. त्यावरच्या ओळी यान व्हान हाउट यांच्या म्हणून ओळखल्या जातात. अर्थ असा : काळ्या उपासमारीने जवळजवळ सहा हजार माणसांना मरणापर्यंत नेलं, तेव्हा देवाला ते पाहवेना, त्याने आम्हाला पुन्हा पाव दिला, हवा तेवढा. गावात तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास लोक. मधली काही अक्षरं मोठी कोरलेली आहेत. ती रोमन आकडे धरायची, जोड-व्हीचे दोन व्ही मोजायचे. मुलगी आकडे सांगत गेली आणि मी पिशवीतल्या बिलाच्या मागे बेरीज केली. एक हजार, मग शंभर चारदा, पन्नास दोनदा, मग जोड-व्हीचे दहा, व्हीचे पाच आणि एक, पुन्हा पुन्हा. बेरीज आली 1574. पुन्हा करून पाहिली, तीच आली. तेवढ्यात पाऊस आला, शाई पसरली, पण तो कागद मी टाकला नाही.